खिडकीशी बसूनही काहीच का आठवत नाही?

निळीशाई
सोमवार, रात्री ९.२०

मागच्या आठवड्यात सात तासांचा रेल्वेप्रवास झाला. दिवसाउजेडी, खिडकीची जागा, काच स्वच्छ, बाहेर ऊन आणि ढगांची लपाछपी. असा योग मागून मिळत नाही. पोचल्यावर आईचा फोन आला, "वाटेत काय काय दिसलं गं?" आणि मला काही सांगताच येईना. डोंगर होते. नदी होती, बहुधा दोन. झाडं भरपूर. त्यापुढे शब्द नाहीत.

मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते असंही नाही. पुस्तक पिशवीतच राहिलं. मी खरोखर बाहेर बघत होते, निदान डोळे तरी बाहेर होते. ६४ फोटो काढले, त्यांतले साठेक एकसारखे आहेत. खाली हिरवा पट्टा, वर राखाडी पट्टा आणि काचेवर माझ्याच बोटांचं प्रतिबिंब.

याउलट माझी एक मावशी आहे. ती तासाभराचा प्रवास करून आली तरी बोलायला लागली की आपणच तिच्या शेजारी बसलो होतो असं वाटतं. नदी आधी डावीकडे होती आणि मग कुठल्या पुलाखालून उजवीकडे गेली, कुठल्या शेतात बुजगावण्याच्या डोक्यावरच पक्षी बसला होता, सगळं तिला सांगता येतं. तिची नजर जन्मजात तशी असेल तर माझा प्रश्नच मिटला. पण हे शिकता येत असेल तर मला शिकायचं आहे. दहा दिवसांनी त्याच मार्गाने परत यायचं आहे. तुम्ही बाहेर बघता म्हणजे नेमकं काय करता?

दुर्बीण
सोमवार, रात्री १०.०५

शिकता येतं. नजर कुठे टेकवायची एवढं कळलं की अर्धं काम झालं.

गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. खिडकीतून साधारण काटकोनाएवढा पट्टा दिसतो. रुळांपासून १० मीटरवरचं झुडूप त्या पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका सेकंदाच्या आत जातं. ५० मीटरवरच्या झाडाला चार सेकंद लागतात. एक किलोमीटरवरच्या घराला ८० सेकंद. आणि १० किलोमीटरवरचा डोंगर जवळजवळ तेरा मिनिटं तुमच्या समोर असतो. खिडकी एकच, पण तिच्यात एकाच वेळी इतके वेगवेगळे वेग चाललेले असतात.

आता आपण काय करतो? जवळचं पळत असतं म्हणून नजर तिकडेच ओढली जाते. डोळा एका झुडपाला धरतो, ते निसटतं, की झटक्यात पुढचं धरतो. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा, बुबुळं हळूहळू एका बाजूला सरकतात आणि झटकन परत येतात, असं सारखं चालू असतं. सात तास हे केलं तर थकवा तेवढा येणार. कुठल्याच वस्तूची ओळख व्हायला वेळ मिळालेला नसतो, मग ती आठवणार कशी?

म्हणून मधल्या अंतरावरची एकच गोष्ट निवडा. माळावरचं एकटं झाड, पाण्याची टाकी, एखादं लाल छपराचं घर, काहीही. ती दिसायला लागल्यापासून मागे पडेपर्यंत तिला सोडू नका. थोड्या वेळात एक विलक्षण प्रकार होतो. त्या झाडाच्या अलीकडचं सगळं मागे धावायला लागतं आणि पलीकडचं सगळं तुमच्याबरोबर पुढे यायला लागतं. आख्खा मुलूख त्या एका झाडाभोवती फिरतो, मधला खांब धरून चक्र फिरावं तसा. त्या झाडाच्या आधी दिसलेली बाजू आणि नंतर दिसलेली बाजू वेगळी असते. लहानपणी चंद्र आपल्याबरोबर येतो असं वाटायचं ना, त्यामागेही हेच आहे. तो सुमारे ३,८४,००० किलोमीटरांवर असतो, त्यामुळे आपण कितीही पुढे गेलो तरी त्याची दिशा जाणवण्याइतकी बदलतच नाही.

हे मी चाळीस वर्षं करतो आहे आणि अजून कंटाळलेलो नाही.

पायवाट
सोमवार, रात्री ११.१५

मला वाटतं, वेगात खरं काही दिसतच नाही. व्हिक्तर ह्यूगोने १८३७ मध्ये रेल्वेतून प्रवास केल्यावर पत्रात लिहिलं होतं की रुळांकडेची फुलं फुलं राहत नाहीत, त्यांचे नुसते रंगाचे ठिपके आणि रेघा होतात. तेव्हाच्या गाड्या आजच्या मानाने रांगायच्या, तरी ही तक्रार! तासाला चार-पाच किलोमीटर हा माणसाच्या डोळ्यांचा वेग. शक्य असेल तिथे शेवटचा टप्पा पायी करा. चालताना वास येतो, पायाखालची माती बदललेली कळते, वळणाआधी पाण्याचा आवाज येतो. बंद काचेतून यातलं काय मिळणार?

दुर्बीण
मंगळवार, सकाळी ६.५०

पायवाट, चालण्याबद्दल तुमचं सगळं मान्य. पण चालताना जे दिसत नाही असंही काही आहे. डोंगराचा आकार कळायला त्याच्या तीन बाजू बघाव्या लागतात, आणि त्याला पायी दोन दिवस जातात. गाडीतून तो अर्ध्या तासात वळून दाखवतो. एकाच नदीचं वरचं खडकाळ पात्र आणि खालचं संथ पात्र एका दुपारी बघायला मिळतं. ह्यूगोची फुलं गेली, ते खरं. पण फुलं बघायला तो वेग नव्हेच. त्या वेगात मुलखाची ठेवण बघायची.

सांजरंग
मंगळवार, सकाळी ८.३०

निळीशाई, परतीचं तिकीट काढलंय का? नसेल तर आधी दिशा बघ. बहुतेक जण खिडकी मिळाली यावरच खूष होतात, पण खिडकी कुठल्या बाजूची यावर निम्मा प्रवास ठरतो.

मी नेहमी सावलीची बाजू घेते. गाडी दक्षिणेकडे चालली असेल आणि वेळ सकाळची असेल तर ऊन डावीकडून येणार, म्हणून मी उजवीकडे बसते. उत्तरेकडे आणि दुपारनंतर जायचं असेल तरीही ऊन डावीकडूनच येतं, म्हणजे पुन्हा उजवी बाजू. डोळ्यांवर तिरीप येत नाही हा एक फायदा. पण मोठा फायदा असा की सूर्य आपल्या पाठीशी असतो, आणि समोरचा सगळा मुलूख त्या उजेडात न्हालेला असतो. उन्हाच्या बाजूला बसलं की झाडांची काळी बाजू आपल्याकडे येते आणि काचेवरची धूळ चमकायला लागते, मग पडदा ओढावा लागतो. पडदा ओढला की संपलंच.

आणखी एक. इंद्रधनुष्य कायम सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडतं. आपल्या डोक्याच्या सावलीभोवती साधारण ४२ अंशांवर त्याची कमान असते, त्यामुळे सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर जमिनीवरून ते दिसत नाही. म्हणजे सर येऊन गेलेली सकाळ किंवा उतरती दुपार असेल तर सावलीच्या बाजूने डोळा काढायचा नाही.

निळीशाई
मंगळवार, सकाळी ९.००

अरे देवा. जाताना मी सकाळच्या गाडीने दक्षिणेकडे गेले आणि डावीकडे बसले होते. तीन तास पडदा अर्धा ओढलेला होता, आत्ता आठवलं. येताना दुपारी निघायचं आहे. उजवी बाजूच घेते.

गारवा२
मंगळवार, दुपारी १.१०

मला लहानपणापासून गाडी लागते. त्यामुळे खिडकी म्हणजे माझ्यासाठी औषधच. आतला कान सांगतो आपण हलतोय आणि पुस्तकावरचे किंवा मोबाइलवरचे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, या भांडणात पोट ढवळतं. दूर क्षितिजाकडे बघितलं की दोघांचं एकमत होतं. बसमध्ये पुढची जागा घेते, गाडीच्या तोंडाकडे तोंड करून. निसर्गाची आवड मला या आजारपणामुळे लागली असं म्हटलं तरी चालेल. इतरांसाठी एक विनंती: शेजारच्याने खिडकी मागितली तर एकदा कारण विचारा.

शिशिरपान
मंगळवार, रात्री ८.४०

त्या ६४ फोटोंबद्दल बोलायचं आहे. मी हौशी छायाचित्रकार आहे, त्यामुळे फोटो काढूच नका असं म्हणणार नाही. पण त्यातून काय होतं हे समजून घ्यायला हवं.

पहिलं म्हणजे मोबाइलची नेहमीची भिंग खूप रुंद पट्टा पकडते, त्यामुळे लांबचे डोंगर फोटोत बारकेसे होतात. प्रत्यक्षात आपलं सगळं लक्ष त्या डोंगरावर एकवटलेलं असतं म्हणून तो आपल्याला मोठा भासतो. "जे बघितलं ते आलंच नाही" ही हळहळ तिथून येते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या. पण ज्या वस्तूच्या एकाच भागाचा जवळून फोटो काढायला सांगितला होता ती मात्र नीट लक्षात राहिली, फोटोत न आलेल्या भागासकट. एक भाग निवडायचा तर डोळ्याला आधी आख्खी वस्तू न्याहाळावी लागते, असं मला वाटतं. म्हणून मी आता तासाला एक फोटो असा नियम केलाय, आणि त्यात काय हवं ते आधी मनाशी बोलून मग काढतो.

आणि ही खोड मोबाइलने आणलेली नाही. अठराव्या शतकात युरोपातले हौशी प्रवासी खिशात एक छोटा, काळसर, किंचित फुगीर आरसा ठेवायचे. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावावरून त्याला क्लोद ग्लास म्हणत. देखाव्याकडे पाठ करायची, आरसा डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यातलं प्रतिबिंब बघायचं, कारण त्यात डोंगर-दऱ्या चित्रासारख्या मऊ आणि आटोपशीर दिसत. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात असाच आरशात बघत फिरताना उताणा पडला आणि हाताला लागलं. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. सुंदर काही दिसलं की ते धरून ठेवावंसं वाटतंच. धरायच्या नादात पाठ फिरते, एवढं फक्त लक्षात ठेवायचं.

रानवाटा
बुधवार, सकाळी ७.१५

चांगली चर्चा. पण एक वेगळं मत मांडते.

मी रुग्णालयात काम करते. रात्रपाळी करून गाडीत बसते तेव्हा मला कुठलंही झाड निवडायचं नसतं. काही लक्षात ठेवायचं नसतं. डोळे उघडे असतात आणि हिरवं वाहत असतं, बस्स. उतरेपर्यंत खांदे सैल झालेले असतात. निळीशाई, तुला सात तासांतलं काही आठवत नाही म्हणून ते वाया गेले असं कृपा करून समजू नकोस. पोचल्यावर तुला कसं वाटत होतं, ते आठवून बघ.

आमच्या क्षेत्रात १९८४ सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्या रुग्णांना कुणी झाड कसं बघायचं हे शिकवलं नव्हतं.

दुर्बीण
बुधवार, सकाळी ७.४०

रानवाटा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. थकलेल्या डोळ्यांना नुसतं वाहू द्यावं. मी सांगतो ते ताज्या डोळ्यांसाठी.

अनवट
बुधवार, रात्री १०.५०

धागा दोन दिवस वाचते आहे, लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या बाबांची नजर सहा वर्षांपूर्वी मधल्या भागात जायला लागली. दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी होतो असा आजार आहे. कडेचं धूसर दिसतं, पण जिकडे बघाल तिथे नेमका डाग. तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी चार तासांचा प्रवास असतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते खिडकीशी बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "काय आहे बाहेर?" मी म्हटलं, "शेतं आहेत बाबा." ते म्हणाले, "कसली?"

मला माहीत नव्हतं. मी पुन्हा बघितलं.

तेव्हापासून दर प्रवासात हे चालतं. ते विचारतात, मी बघते. नदी आली की विचारतात, पाणी कुठून कुठे वाहतंय? ओळखायला पुलाच्या खांबाकडे बघावं लागतं, पाणी कुठल्या बाजूला फुगलंय आणि कुठल्या बाजूला भोवरे सोडतंय ते. डोंगर म्हटलं की, किती लांब? झाडं सुटी दिसतात का नुसता रंग दिसतो? माणूस दिसला म्हटलं तर, तो काय करत होता, आणि त्याने गाडीकडे बघितलं का? कधी म्हणतात, उजेड कसा आहे? "छान" म्हटलेलं त्यांना चालत नाही. "छान" म्हणजे मी बघितलंच नाही, हे त्यांना बरोबर कळतं.

पहिले काही प्रवास मला याचा ताण यायचा. सांगता सांगता पुढचं निसटायचं. मग लक्षात आलं की सगळं सांगायचं नसतंच, एक धरायचं आणि ते पुरतं सांगायचं. दुर्बीण यांनी एका झाडाबद्दल लिहिलं ते वाचताना म्हणूनच एकदम लागलं. आता गंमत अशी आहे की बाबा बरोबर नसले तरी माझ्या मनात त्यांचे प्रश्न सुरू होतात. निळीशाई, तुझ्या मावशीबद्दल मला काही माहीत नाही, पण घरी कुणीतरी तिची वाट बघत असणार आणि तिला सगळं विचारत असणार, असं मला वाटून गेलं.

निळीशाई
बुधवार, रात्री ११.३०

अनवट, माझे काका वीस वर्षं अंथरुणाला खिळून होते. मावशी बाहेरून आली की त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगायची. मी हे लहानपणापासून बघत आले, आणि या प्रश्नाशी कधी जोडलंच नाही. आज आणखी काही लिहवत नाही.

पायवाट
गुरुवार, सकाळी ६.१०

अनवट, बाबांना नमस्कार सांगा. ते खांबाचं निरीक्षण मी आजवर चालतानाही केलेलं नाही.

वळणवेडा
गुरुवार, दुपारी १२.२०

एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जुना गोटहार्ड लोहमार्ग १८८२ मध्ये सुरू झाला. वासेन नावाच्या छोट्या गावाजवळ चढ इतका आहे की मार्ग बोगद्यांतून वळसे घेत वर जातो. गावात एक पांढरं चर्च आहे. उत्तरेकडून गेलात तर ते आधी डोक्यावर उंच दिसतं. मग गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते तर तेच चर्च समोर, आपल्या पातळीत. पुन्हा बोगदा, आणि आता ते खाली, छपराकडून. कुणीही न सांगता कळतं की आपण केवढे चढलो. आकड्यांनी हे कळत नाही.

२०१६ मध्ये त्या डोंगरांच्या पोटातून ५७ किलोमीटरांचा बोगदा सुरू झाला. वेगवान गाड्या आता तिथून जातात, वेळ वाचतो, मालवाहतुकीसाठी तो हवाच होता. पण त्या गाडीतून चर्च एकदाही दिसत नाही. जुना मार्ग अजून चालू आहे, त्यावरून जायला वेळ जास्त लागतो. कुठेही जा, दोन मार्ग असतील तर हळू मार्गाची एकदा चौकशी करा. बऱ्याचदा डोंगराच्या कडेने जाणारा तोच असतो.

सांजरंग
गुरुवार, दुपारी ३.४५

विमानाबद्दल कुणी बोललंच नाही. दहा किलोमीटर उंचीवरून हवा स्वच्छ असेल तर क्षितिज साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असतं. तिथेही सावलीचीच बाजू घ्या. खाली ढग असले तर त्यांच्यावर विमानाची सावली पळताना दिसते आणि तिच्याभोवती रंगीत वलयं असतात. ढगातल्या बारीक थेंबांतून उजेड आपल्याकडे परत येतो, म्हणून ती सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेलाच पडतात. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या अनोळखी आजींना हाताला धरून दाखवली होती. पंखाच्या बऱ्याच पुढची किंवा बऱ्याच मागची जागा मागा, नाहीतर पंखच दिसत राहतो.

गारवा२
गुरुवार, सायंकाळी ७.३०

आणि रात्रीचं? मला रात्रीचा प्रवास करावाच लागतो.

शिशिरपान
गुरुवार, रात्री ९.१०

रात्री काचेत आपणच दिसतो, कारण आत उजेड आणि बाहेर अंधार. शाल किंवा जॅकेट डोक्यावरून घेऊन काचेला कपाळ टेकवा, आतला उजेड पूर्ण अडवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा, मध्ये मोबाइल उघडलात तर पुन्हा पहिल्यापासून. मग टेकड्यांची कड दिसायला लागते, ताऱ्यांचा पसारा जिथे तुटतो तिथे डोंगर आहे हे समजतं. आणि लांबवर एकच दिवा. तो दुर्बीण यांच्या झाडासारखा धरायचा. मला तर रात्री तेवढंही पुरतं.

निळीशाई
पुढचा रविवार, रात्री १०.१५

आले परत. उजवीकडे बसले होते. सांगते.

पहिला तास जमलं नाही. झाड धरायचे आणि दुसऱ्या मिनिटाला उद्याच्या कामाचा विचार करत असायचे. मग अनवटच्या बाबांसारखं स्वतःलाच विचारायला लागले, ओठ हलवून, पुटपुटत. शेजारच्या बाईंनी एकदा वळून बघितलं, मी त्यांना कारण सांगितलं, तर त्याही सामील झाल्या.

नदी एकच आहे! जाताना दोन वाटल्या होत्या, ती एकच नदी दोनदा ओलांडली जाते. पहिल्या पुलावर पाणी आमच्याकडून पलीकडे जात होतं, दुसऱ्यावर पलीकडून आमच्याकडे येत होतं, तेव्हा ट्यूब पेटली. मधल्या पट्ट्यात ती डोंगराला वळसा घालून येते. तो डोंगर आम्हाला अर्धा तास दिसला. आधी त्रिकोणी, मग बसक्या बैलासारखा लांबुळका, आणि शेवटी त्याच्यामागे दुसरा, जाताना मला न दिसलेला सुळका निघाला.

चारच्या सुमारास एकामागे एक डोंगररांगा दिसल्या. मोजल्या, पाच होत्या. पहिली गडद हिरवी, दुसरी निळसर, पुढची आणखी फिकी, आणि पाचवी आभाळातून वेगळी काढायला डोळे बारीक करावे लागत होते. असं का होतं?

मग एका गावाच्या कडेला, पन्नास-साठ मीटरांवर असेल, घराच्या गच्चीवर एक बाई पिवळी चादर वाळत घालत होती. चादर तिच्या हातातून निसटू बघत होती आणि ती हसत होती. जेमतेम पाच सेकंद. ऊन आमच्या पाठीकडून तिच्यावर पडलं होतं. फोटो काढला नाही.

आईला फोन केला. पाऊण तास बोलत होते.

दुर्बीण
पुढचा रविवार, रात्री १०.४०

शाब्बास! रांगांबद्दल: आपल्या आणि डोंगराच्या मधली हवाच आपल्याला दिसत असते. हवेचे कण निळा उजेड जास्त विखुरतात, तो विखुरलेला उजेड मधल्या हवेतून आपल्याकडे येतो. डोंगर जितका लांब तितका हवेचा थर जाड, तितका डोंगराचा स्वतःचा रंग कमी आणि हवेचा निळा जास्त. पाचव्या रांगेत तुम्ही बहुतांशी हवाच बघितलीत. पाऊस पडून गेल्यावर धूळ बसते, तेव्हा सात-आठ रांगाही मोजता येतात.

अनवट
पुढचा सोमवार, सकाळी ८.०५

तुझं सगळं बाबांना वाचून दाखवलं, दोनदा. नदी एकच आहे हे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. आता विचारतायत, त्या चादरीच्या वेळी वारा कुठल्या बाजूचा होता?

निळीशाई
पुढचा सोमवार, सकाळी ८.२०

थांब, डोळे मिटून बघते.

चादर आमच्यापासून पलीकडे फुगली होती, आणि तिचे केस तिच्या चेहऱ्यावर येत होते. गाडी उत्तरेकडे चालली होती आणि मी उजवीकडे, म्हणजे तोंड पूर्वेला. बाबांना सांग, वारा पश्चिमेचा होता. आणि ती आमच्याकडे पाठ करून उभी होती, फक्त हसताना वळली.